छायाचित्रकारामागे उरलेली पेटी

१३ डिसेंबर २००९ रोजी म्हैसूर येथे टी. एस. सत्यन ह्यांचे निधन झाले. वयाची ८६ वर्षे पुरी होण्यास अवघे पाच दिवस उरले होते. ह्याच नगरीत १९२३ साली जन्मलेला आणि येथल्याच महाराजा कॉलेजात शिकलेला हा मनुष्य पुढे भारतातील अग्रगण्य वृत्तछायाचित्रकारांत गणला गेला. १९४८ साली बंगळूरच्या ‘डेक्कन हेरल्ड’ ह्या दैनिकात त्यांनी छायाचित्रकार म्हणून पाऊल टाकले. पुढे दिल्लीस राहून त्यांनी स्वतंत्रपणे व्यवसाय केला आणि ‘लाइफ’, ‘टाइम’ अशा परदेशी नियतकालिकांतून त्यांची चित्रे झळकली. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी देवीच्या रोगाच्या उच्चाटनाची मोहीम टिपली, युनिसेफसाठी खेड्यापाड्यांतील मुले टिपली, आणि १९७९ च्या आंतरराष्ट्रीय बालवर्षात त्यांनी काढलेली मुलांची छायाचित्रे न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात मांडली गेली. १९७७ साली त्यांस ‘पद्मश्री’ मिळाली. एवढा लौकिक मिळवूनही हे गृहस्थ उतारवयात राजधानीत न रमता म्हैसूरास परतले आणि अखेरपर्यंत येथेच राहिले.

अशा मनुष्यामागे काय उरते? कॅमेरे उरतात, परंतु त्यांची किंमत सर्वांत कमी. आज ज्यास बाजारात मोल आहे असा कॅमेरा दहा वर्षांनी शोभेच्या कपाटात जातो. खरे धन असते ते निगेटिव्हमध्ये. लेखकाचे तसे नाही. त्याचे हस्तलिखित हरवले तरी छापील ग्रंथाच्या हजार प्रती हजार घरांत असतात. निगेटिव्ह मात्र एकच असते. ती गेली की उरते एखादी पिवळट प्रत, आणि तीही कोणाच्या तरी आल्बमात डिंकाने चिकटवलेली. शिवाय निगेटिव्हचे पाकीट कोरे असेल तर ती असूनही अर्धी नसल्यासारखीच. कोण, कोठे, केव्हा ह्या तीन प्रश्नांची उत्तरे चित्र स्वतः देत नाही; ती छायाचित्रकाराच्या डोक्यात असतात आणि त्याच्याबरोबरच चितेवर जातात.

सत्यन ह्यांचे शहाणपण येथे दिसते. २००५ साली, वयाच्या ऐंशीनंतर, त्यांनी ‘अलाइव्ह अँड क्लिकिंग’ हे आठवणींचे पुस्तक इंग्रजीत प्रसिद्ध केले. आपली चित्रे कोणत्या प्रसंगी, कोणाच्या सोबतीने, किती खटपटीने निघाली ह्याच्या हकीकती त्यांनी त्यात सांगितल्या आहेत. पुस्तक वाचनीय आहेच. परंतु माझ्या मते त्याचे खरे महत्त्व निराळे आहे. आपल्या पेटीची किल्ली त्यांनी हयातीतच लिहून ठेवली. त्यांच्या छायाचित्रांचा मोठा संग्रह आज बंगळूरच्या कस्तुरबा रस्त्यावरील ‘म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी’ ह्या संग्रहालयात आहे. हे संग्रहालय फेब्रुवारी २०२३ मध्ये लोकांस खुले झाले. सत्यन ह्यांच्या चित्रांचे प्रदर्शनही त्या संस्थेने भरविले, आणि चित्रांखाली सत्यन कुटुंबाच्या न्यासाचे नाव आदराने येते.

म्हैसूरकरास ह्याचे थोडे वैषम्य वाटणे स्वाभाविक आहे. म्हैसूरचा मनुष्य, म्हैसूरची चित्रे, आणि ती पाहावयास बंगळूरची गाडी पकडावी लागते! परंतु शांतपणे विचार केला तर मला त्यात गैर दिसत नाही. जेथे वातानुकूलित खोली आहे, नोंदवही आहे आणि चित्र मागणाऱ्यास ते शोधून देणारा जाणता मनुष्य आहे, तेच निगेटिव्हचे घर. आपले पावसाळी दिवस ठाऊक आहेत ना? निगेटिव्हवरील थर हा सरसाचा, म्हणजे प्राणिज पदार्थाचा. दमट हवेत त्यावर बुरशी धरते. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची ॲसिटेटची फिल्म बंद डब्यात उकाड्याने विटू लागली म्हणजे डबा उघडताच व्हिनेगरचा आंबूस वास येतो, फिल्म आक्रसते, वाकडी होते. तो वास एकदा सुटला की शेजारच्या फिल्मलाही लागण होते. भावना म्हैसूरच्या बाजूने कितीही असली तरी बुरशीस भावना कळत नाही.

तसे पाहता खासगी पेटी सार्वजनिक ठिकाणी गेल्याने काय होते ह्याचा जगातील एक नामांकित दाखला म्हैसूरच्याच पदरी आहे. तंजावरकडील एका पंडिताने आपल्याजवळची ताडपत्रे येथल्या ओरिएंटल लायब्ररीच्या स्वाधीन केली. ग्रंथपाल आर. शामशास्त्री ह्यांना १९०५ साली त्यांतच कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’ सापडले आणि १९०९ साली ते छापून निघाले. शतकानुशतके ज्याचे केवळ नाव ऐकू येत होते तो ग्रंथ त्या पंडिताच्या एका निर्णयाने जगास मिळाला. तीच ताडपत्रे घरच्या माळ्यावर राहिली असती तर वाळवीने अर्थशास्त्राचा निकाल केव्हाच लावला असता.

दुसरा दाखला अलीकडचा, आणि तो जवळजवळ हातचा निसटलेला. सत्यन ह्यांचे स्नेही व त्यांच्या कॅमेऱ्यात अनेकदा आलेले आर. के. नारायण २००१ साली वारले. यादवगिरीतील त्यांची वास्तू पुढे विकली गेली आणि २०११ साली ती पाडण्यास आरंभही झाला. वृत्तपत्रांनी व नागरिकांनी गलका केला तेव्हा काम थांबले, सरकारी यंत्रणेने ती जागा घेऊन डागडुजी केली आणि २०१६ साली तेथे स्मारक-संग्रहालय सुरू झाले. आज तेथे त्यांचे कपडे, चष्मा, पुस्तके पाहावयास मिळतात. घर रस्त्यावर उभे असते म्हणून पडताना लोकांस दिसले. निगेटिव्हची पेटी रद्दीवाल्याच्या हातगाडीवर चढते तेव्हा कोणास दिसत नाही.

छायाचित्रकारांच्या बाबतीत आपल्या देशात पेटीचे काय काय झाले हे पाहू लागलो तर मोठी विचित्र चरित्रे हाती लागतात. राजा दीनदयाळ ह्यांचे नाव सर्वश्रुत आहे. त्यांनी कॅमेरा हाती धरला तो होळकरांच्या इंदुरात, बांधकाम खात्यात नोकरीस असताना. नंतर निजामाने त्यांस ‘राजा’ केले, सिकंदराबादेत त्यांचा कारखाना चालला, १८९६ मध्ये मुंबईतही स्टुडिओ निघाला. १९०५ मध्ये ते निवर्तले, १९११ मध्ये आश्रयदाता निजाम गेला, आणि तो सारा व्याप ओसरला. काचेच्या निगेटिव्ह कुटुंबात राहिल्या. काच ती काच. हलविताना फुटते, आणि वजनाचा भार एवढा की कोणत्याही बिऱ्हाडास ती अडगळच. तरीही त्यांच्या वंशजांनी त्या सांभाळल्या. १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांतील २,८५७ निगेटिव्ह विकत घेतल्या. मृत्यूनंतर ८४ वर्षांनी! एवढा काळ तीन पिढ्यांनी काचा जपल्या ह्याचे मला दीनदयाळांच्या कलेइतकेच कौतुक वाटते. मात्र प्रत्येक घराण्याकडून अशी अपेक्षा करणे हा व्यवहार नव्हे.

आपल्या मराठी माणसांत पाहावयाचे तर दादासाहेब फाळके. चित्रपटाचे जनक म्हणून आपण त्यांस ओळखतो, परंतु त्यांचा मूळ व्यवसाय छायाचित्रणाचा. बडोद्याच्या कलाभवनात शिकून त्यांनी गोध्रा येथे फोटोचे दुकान काढले, १९०३ मध्ये ते पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व ड्राफ्ट्समन म्हणून लागले आणि थोड्याच वर्षांत नोकरी सोडून बाहेर पडले. (केंद्र सरकारची नोकरी सोडून मनुष्य काय करू शकतो ह्याचे हे उदाहरण माझ्या सहकाऱ्यांनी मनावर न घेतलेले बरे.) १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे ते वारले तेव्हा चित्रपटसृष्टी त्यांस विसरली होती. त्यांच्या चित्रपटांची रिळे कोणी मागावयास येईल असे तेव्हा कोणास वाटले असेल? १९६४ साली पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि त्याचे शिल्पकार पी. के. नायर हे जुन्या फिल्मचा माग काढीत नाशिकला फाळके कुटुंबाकडे पोहोचले. घरात राहिलेल्या तुकड्यांतून ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भाग आणि १९१९ चा ‘कालिया मर्दन’ हाती लागला. आज फाळक्यांची कन्या मंदाकिनी बाळकृष्णाच्या रूपात कालियाच्या फण्यावर नाचताना आपण पाहतो ते त्यामुळे. त्या काळची फिल्म नायट्रेटची, म्हणजे पेटणारी, आणि तिच्यावर चांदी. कित्येक निर्मात्यांच्या फिल्म चांदी काढण्यासाठी वितळविल्या गेल्या. पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ चा, म्हणजे फाळक्यांच्या चित्रांहून कितीतरी अलीकडचा. त्याची आज एकही प्रत नाही.

दिल्लीचे कुलवंत रॉय ह्यांची कथा मला सर्वांत अधिक चटका लावते. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील नेत्यांची असंख्य चित्रे ह्या पंजाबी गृहस्थाने काढली. १९५८ च्या सुमारास ते जगप्रवासास निघाले, तीसहून अधिक देश पाहिले, आणि काढलेल्या निगेटिव्ह टपालाने दिल्लीस स्वतःच्याच पत्त्यावर पाठवीत राहिले. परत येऊन पाहतात तो एकही पुडके पोहोचलेले नाही. पुढे कैक दिवस ते शहरातील कचऱ्याचे ढिगारे उपसत हिंडले असे सांगतात. १९८४ मध्ये ते गेले. मूलबाळ नव्हते, उरलेला संग्रह त्यांनी आदित्य आर्य ह्या तरुण छायाचित्रकारास दिला होता, जो त्यांना काका मानी. आर्य ह्यांनी ती खोकी घरी आणून ठेवली आणि स्वतःच्या व्यवसायाच्या धबडग्यात ती वीस वर्षांहून अधिक काळ तशीच पडून राहिली. उघडली तेव्हा आत गांधी, नेहरू, जीना, पटेल. २०१० साली त्यावर ग्रंथ निघाला, आणि त्याच आर्य ह्यांच्या पुढाकाराने २०१९ मध्ये गुरुग्राम येथे कॅमेऱ्यांचे व छायाचित्रांचे संग्रहालय उभे राहिले. रॉय ह्यांनी मनुष्य योग्य निवडला एवढेच म्हणता येईल. बाकी सारा दैवाचा खेळ. ती खोकी एखाद्या घरबदलाच्या गडबडीत टाकली गेली असती तर कोणी दोषही दिला नसता.

ह्याउलट होमाई व्यारावाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या, भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला तो कायमचा. एकुलता एक मुलगा १९८९ मध्ये गेला. त्यानंतर बडोद्यास एकट्या राहून त्यांनी वय वर्षे ९८ गाठले. मागे कोणी नाही हे पक्के ठाऊक असल्याने असेल, त्यांनी आपला संग्रह हयातीतच दिल्लीच्या अल्काझी प्रतिष्ठानाकडे सोपविला. २०१० मध्ये त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचे प्रदर्शन भरले, आणि ते पाहावयास त्या स्वतः होत्या. १५ जानेवारी २०१२ रोजी त्या गेल्या तेव्हा त्यांच्या पेटीबाबत ठरवावयाचे काहीच शिल्लक नव्हते.

येथवर वस्तूंचा विचार झाला. परंतु वस्तू आणि हक्क ह्या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या आहेत, आणि भल्याभल्यांचा घोटाळा होतो तो येथेच. पेटी ज्याच्या घरी, त्यास चित्रे छापण्याचा अधिकार असतोच असे नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम २० मध्ये एक फार उपयुक्त तरतूद आहे : छायाचित्र अप्रकाशित असेल आणि ते मृत्युपत्राने एखाद्यास दिले असेल, तर मृत्युपत्रात विरुद्ध इच्छा नमूद नसल्यास त्याबरोबर स्वामित्वहक्कही त्यासच जातो. परंतु चित्र पूर्वी प्रसिद्ध झालेले असेल तर ही तरतूद लागू होत नाही. म्हणजे असे होऊ शकते की निगेटिव्हची पेटी भाच्यास मिळाली आणि त्यातील नामांकित चित्रांचा हक्क मात्र मुलगा, मुलगी, पत्नी आणि आई हयात असल्यास आई, ह्या सर्वांत समभाग झाला. पुढे एखाद्या प्रकाशकाने चित्र मागितले की चार ठिकाणच्या चार सह्या गोळा करणे आले. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. तेव्हा हा प्रश्न नातवंडांपर्यंत पोहोचणारा आहे.

संग्रहालयास पेटी दिली तरी हक्काचे लेखी हस्तांतर नसेल तर संस्थेस ती नीट सांभाळता येते, पण छापताना अडचण पडते. हस्तांतराचा लेख केला आणि त्यात मुदत लिहावयाची राहिली तर कायदा ती पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहावयाचा राहिला तर भारतापुरताच धरतो. परदेशी स्थायिक झालेल्या मुलांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. आणखी एक गंमत म्हणजे, पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, निराळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याचा असतो. निगेटिव्ह मात्र स्टुडिओवाल्याच्या कपाटात. वृत्तपत्राच्या नोकरीत काढलेल्या चित्राचा हक्क प्रसिद्धीपुरता मालकाचा, एरवी छायाचित्रकाराचा. सरकारी कामात काढलेले चित्र सरकारचे. ह्यास्तव छायाचित्रकाराने आपल्या पेटीतील कोणते चित्र कोणासाठी काढले एवढे तरी लिहून ठेवावे. मृत्युपत्रास मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही; करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. इतके सोपे असूनही शेते, दागिने, बँकेतील ठेवी ह्यांची बारीक वाटणी करणारे लोक निगेटिव्हबद्दल एक ओळ लिहीत नाहीत, कारण ती मालमत्ता आहे हेच त्यांना वाटत नाही.

हा सारा विचार मला करावा लागला त्यास निमित्त घरचेच आहे. आपल्या मंडळाच्या आरंभीच्या वर्षांतील बहुतेक कार्यक्रमांची छायाचित्रे ज्या सभासदांनी पदरच्या खर्चाने आणि हौसेने काढली ते आज हयात नाहीत. त्यांनी मृत्युपत्र केले नव्हते. चिरंजीव परदेशात असतात. घर रिकामे करावयास ते आले तेव्हा माळ्यावर पत्र्याच्या दोन पेट्या निघाल्या आणि त्यांनी कार्यकारी मंडळास विचारले की ह्याचे काय करू? एका सभासदांचे म्हणणे पडले की सर्व निगेटिव्ह संगणकावर उतरवून मूळ टाकून द्याव्यात. मी त्यास विरोध केला. संगणकावरील प्रत उत्तमच, आणि ती करावीच. परंतु आपण आज ज्या साधनाने उतरवितो त्याहून चांगले साधन वीस वर्षांनी निघेल, तेव्हा मूळ कोठून आणावयाचे? शिवाय संगणकातील साठाही दर काही वर्षांनी नव्या जागी हलवावा लागतो. तो माळ्यावर ठेवून विसरता येत नाही.

खरी अडचण मात्र वेगळीच निघाली. त्याच पेट्यांत घरगुती चित्रेही होती : आईची, बहिणीच्या बारशाची, गावाकडच्या वाड्याची. चिरंजीवांनी उदारपणे सर्व काही मंडळास देऊ केले. त्यांच्या भगिनी महाराष्ट्रात असतात. त्यांनी दूरध्वनीवरून स्पष्ट सांगितले की आईचे एकही चित्र घराबाहेर जाता कामा नये. कायद्याने त्यांचा भाग भावाएवढाच, आणि कायदा बाजूस ठेवला तरी त्यांचे म्हणणे मला रास्त वाटले. मंडळ म्हणजे काही राष्ट्रीय संग्रहालय नव्हे. दिवंगत गृहिणी अंगणात केस वाळवीत बसल्या आहेत ते चित्र आमच्या कपाटात कशासाठी? तेव्हा दोन रविवार बसून आम्ही रोल वेगळे केले. घरचे रोल भगिनींकडे गेले. मंडळाचे रोल राहिले; त्यांसाठी दोघा भावंडांनी सही करून हक्काचे पत्र दिले. त्यात मुदत हक्क टिकेल तोवर, प्रदेश सर्व जग, आणि चित्र छापताना वडिलांचे नाव घालण्याची अट आहे. ती अट भगिनींनी सुचविली.

नंतर मंडळातील वयोवृद्ध सभासदांस चित्रे दाखवून नावे लिहून घेण्याचे काम सुरू केले. प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने सन, प्रसंग आणि डावीकडून उजवीकडे नावे. पहिल्या गणेशोत्सवातील नाटकाच्या चित्रावर एक तास वाद झाला. स्त्री-भूमिकेतील गृहस्थ कोण ह्यावर दोन पक्ष पडले, आणि अखेर त्यांच्या पत्नीनेच लुगड्यावरून ओळख पटविली, कारण लुगडे त्यांचे होते. बहुतेक चित्रांची नावे अशा रीतीने लागली आहेत. चौदा चित्रे अजून बिननावाची आहेत. त्यांच्या प्रती मंडळाच्या कार्यालयात, वाचनालयाच्या टेबलावर, निळ्या फाइलमध्ये ठेवल्या असून शेजारी पेन्सिल बांधलेली आहे.